एकशे सत्तावीस दाते

तापकीर गल्लीत दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान.
खाली झुंबरं लखलखतात, वर मी.
निलोफर तांबोळी जिना चढून आली
तेव्हा सीपीयू चादरीत गुंडाळलेला,
भोसरीहून स्कूटरवर, दोन पायांच्या मध्ये ठेवून.
"याच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालेल का?"
नेमका प्रश्न. बाकीचे नुसतं "स्लो झालाय" म्हणतात.

"कितीचा आहे?"
"दोन हजार आठ. बँकेनं बाद केलेला."
मी मान हलवली, हो पण नाही, नाही पण नाही,
या गल्लीचा अर्धा धंदा त्या मानेवर चालतो.

तेव्हाच्या चिपांचं असं आहे, ताई,
एका साच्यातल्या दोघी बहिणी.
एकीला ही विद्या दिली,
दुसरीला दिली नाही, आणि ती स्वस्तात विकली.
चेहऱ्यावरून कळत नाही. नंबर वाचावा लागतो.

पंखा काढला. खाली पेस्टचा खडू झालेला.
स्पिरिटचा बोळा फिरवला, टॉर्च तिरपी धरली.
होती. विद्या होती.
"मग काल घरी का नाही चाललं?"

डिलीटची कळ दाबत राहिलो, निळा पडदा आला.
चौथ्या पानावर, अगदी तळाला, एक ओळ:
व्हर्च्युअलायझेशन. समोर: डिसेबल्ड.
कारखान्यातून निघाली तशीच.
बँकेत पासबुकं छापली इतकी वर्षं,
कुणी विचारलंच नाही आणखी काय येतं तुला.
यावर काहीतरी मोठं बोलता आलं असतं.
चहा आला, राहून गेलं.

एनेबल्ड. सेव्ह.
आता वायर भिंतीतून उपटायची आणि दहा मोजायचे,
नुसत्या रीस्टार्टनं हिला पटत नाही.
निलोफरनं मोठ्यानं मोजले.

दोन जीबीचा सगळा संसार.
त्यात यजमानानं पाहुण्याला पाव जीबी दिली,
डिस्कचा एक कोपरा, वेळ मिळेल तसा प्रोसेसर.
पाहुण्याला वाटतं घर आपलंच.
इकडे पंखा धापा टाकतोय, त्याच्या गावीही नाही.
तो आपला ढगांचं जुनं चित्र दाखवत
सावकाश जागा झाला, मेलेल्या मशीनच्या डिस्कवरून,
आणि काळ्या चौकटीत रोमन अक्षरांत मराठी उमटलं:
दाते किती?

याकूबभाईंनी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम,
सेकंड शिफ्टनंतर, लेथ पुसून झाल्यावर.
एकशे सत्तावीस, तिनं टाकलं.
कशानंच भाग जात नाही त्या आकड्याला.
नुसती भोकं मोजून असं गिअर कापता येत नाही,
चाकं जुळवावी लागतात. कुठली, ते यालाच ठाऊक,
आणि याकूबभाईंना. त्यांची उजवी बाजू गेली फेब्रुवारीत,
आणि आकडे जिभेपर्यंत येईनासे झाले.

छप्पन, चौसष्ट, अठ्ठेचाळीस, बत्तीस.
प्रिंटर पाहुण्याला दिसेना.
तिनं लाइटबिलाच्या पाठीवर उतरवून घेतलं,
फोन लावला, बिल कॅमेऱ्यासमोर धरलं.
खाटेवरचा माणूस बराच वेळ बघत राहिला.
तिसऱ्या आकड्यावर मान हलली: नाही.
माझ्यासारखी नव्हे. सरळ नाही.

"अगं हो," निलोफर म्हणाली, "अठ्ठेचाळीसचा दाता तुटलाय.
दिवाळीतच तुटला."
हे प्रोग्रॅमला कोण सांगणार?
पलीकडून डावा हात वर आला. दोन बोटं.
ती पेन्सिल चावत बसली,
वरचं खालच्याशी काटत गेली,
आणि उरले छप्पन आणि चोवीस.
दोनच चाकं. फोनमधली बोटं मिटली.

जाताना बोर्डावरचा बटणसेल बदलून दिला.
तो मेला की हे सगळं विसरतं,
तीच ओळ पुन्हा डिसेबल्ड.
"किती झाले?"
सेलचे तीस, म्हणालो.
बाकीचे कशाचे लावायचे ते
ती जिना उतरेपर्यंत सुचलं नाही.